एसटी सुटायच्या आधी सात मिनिटांत मेकअप : क्रीम स्टिक कशी निवडायची, कशी लावायची आणि कुठे फसायचं नाही

रत्नागिरी : सकाळी सातच्या आसपास रहाटाघरच्या स्टँडवर उतरणारी गर्दी बघा. पाली, पावस, जाकादेवी, हातखंबा अशा बाजूंनी येणाऱ्या गाड्यांतून कॉलेजच्या मुली उतरतात, दवाखान्यात ड्युटीला जाणाऱ्या सिस्टर उतरतात, दुकानात कामाला असलेल्या, मिरजोळे एमआयडीसीत जाणाऱ्या बायका उतरतात. यातल्या बहुतेकींनी घरून निघण्याआधी पाणी भरलंय, डबे केलेत, कोणी गुरांकडे बघितलंय, कोणी सासऱ्यांचं औषध दिलंय. मग आरशासमोर उभं राहायला उरतात पाच-सात मिनिटं. तेवढ्यात फाउंडेशनची बाटली, ब्रश, स्पंज, पावडरचे चार डबे हे सगळं कोण काढून बसणार?

म्हणूनच हल्ली 'स्टिक' चालायला लागल्यात. लिपस्टिकसारखी खालून फिरवायची काडी, पण ती ओठांपुरती नाही. गालाला लावायची, डोळ्यांखालच्या काळेपणावर लावायची, चेहऱ्याचा रंग एकसारखा करायची, अशा सगळ्या प्रकारच्या मिळतात. रामआळीतल्या दुकानांत आहेत, तालुक्याच्या गावी जनरल स्टोअरमध्ये आहेत, जत्रेतल्या स्टॉलवर आहेत आणि मोबाईलवर तर विचारूच नका. वस्तू सोयीची आहे यात शंका नाही. पण बहुतेक व्हिडिओ दिल्ली-मुंबईच्या एसी खोलीत बसून केलेले असतात. त्यातली मुलगी गालावर चार रेघा ओढते, बोटाने पसरवते, झालं. तेच आपण मे महिन्यात लांज्याच्या स्टँडवर उभं राहून केलं तर दहा मिनिटांत सगळं हनुवटीवर येतं. आपल्या हवेला, आपल्या रंगाला आणि आपल्या घाईला जमेल असं काय करता येईल, ते या लेखात बघू.

काडीत असतं तरी काय?

मेण, तेल आणि रंग. बस्स. बाकी वास, टिकवण्यासाठीची द्रव्यं, चकाकी वगैरे थोडं थोडं. मेण काडीला आकार देतं, तेल ती कातडीवर सरकवतं आणि रंगाची बारीक भुकटी त्या दोघांत अडकून बसते.

हे ऐकून काही नवीन वाटायला नको. आपल्या आज्या, पणज्या कपाळाला कुंकू कसं लावायच्या आठवा. करंड्याबरोबर मेणाची एक छोटी डबी असायची. आधी बोटाने मेणाचा गोल ठिपका कपाळावर दाबायचा, मग त्यावर कोरडं कुंकू. मेणाने कुंकू धरून ठेवलं की दिवसभर शेतात राबलं, घाम आला तरी ते जागचं हलत नसे. आजच्या क्रीम स्टिकमध्ये तेच मेण आणि तोच रंग कारखान्यात आधीच एकत्र करून देतात, इतकाच फरक. मधमाशांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. कार्नोबा नावाचं ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं मेण त्याहून कडक, ते ८० अंशांच्या वर वितळतं. या मेणांचं प्रमाण जितकं जास्त तितकी काडी कडक. तेल जास्त तितकी ती मऊ आणि तुपकट.

आपल्या कोकमाचाही यात वाटा आहे. कोकमाच्या बियांतून निघणारं घट्ट तेल, ज्याला आपल्याकडे मुठेल म्हणतात आणि थंडीत पायाच्या भेगांना लावतात, तेच सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात 'कोकम बटर' नावाने जातं. ते साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे वाटीत घट्ट राहतं आणि अंगावर चोळलं की विरघळू लागतं. हा गुण काडीच्या धंद्यात फार मोलाचा. गावात गोळा म्हणून विकलं जाणारं तेल शहरात कुठल्या नावाने, कुठल्या पाकिटात फिरतं हा वेगळ्या बातमीचा विषय आहे, पण पाकिटावर 'गार्सिनिया इंडिका' असं दिसलं तर ते आपलं कोकम आहे एवढं ओळखून ठेवा.

नमनातले कलाकार हे आधीपासून करतात

कोकणात तोंडाला रंग लावायची कला बायकांपेक्षा पुरुषांनी जास्त जपली असं म्हटलं तर राग मानू नका. नमन-खेळ्यांत गवळणी होणारे, दशावतारात स्त्रीभूमिका करणारे कलाकार आपला रंग आपणच लावतात, तेही देवळाच्या मागे एका आरशात चौघं बघून. पूर्वी खोबरेल तेलात सफेदा, पिवडी असले रंग कालवून लावायचे. यातली पिवडी आणि गेरू म्हणजे लोखंडाच्या गंजाच्या जातीची माती, म्हणजेच आयर्न ऑक्साईड. आज महागातल्या महाग फाउंडेशन स्टिकच्या पाकिटावर 'सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९' असे आकडे दिसतात, तेही आयर्न ऑक्साईडच : अनुक्रमे लाल, पिवळं आणि काळं. या तिघांत टायटॅनियम डायऑक्साईडचा पांढरा मिसळून माणसाच्या कातडीच्या जवळजवळ सगळ्या छटा करतात.

रंगाची काडी करण्याची कल्पनाही नट-नट्यांच्या जगातूनच आली. हॉलिवूडमध्ये नावाजलेल्या मॅक्स फॅक्टर कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस 'पॅन-स्टिक' बाजारात आणली. सिनेमाच्या दिव्यांपुढे टिकणारा रंग काडीच्या रूपात पर्समध्ये मावायला लागला. आपल्याकडे नाटकवाल्यांच्या पेटीत जर्मनीच्या क्रायोलनच्या काड्या असतात. पण ती रंगभूमीची वस्तू, लांबून बघायची. रोज सकाळी बँकेत जाताना लावली तर माणसं विचारतील आज कुठे प्रयोग आहे म्हणून. रोजच्या वापराच्या काड्या याहून पातळ रंगाच्या असतात. दुकानात 'फुल कव्हरेज' आणि 'लाइट' किंवा 'शीअर' असे शब्द लिहिलेले दिसतील. आपल्याला दुसरा प्रकार हवा.

भारतीय हवा आणि भारतीय कातडी डोळ्यांसमोर ठेवून प्रसाधनं करायची असा विचार करून टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली. नाव एका फ्रेंच ऑपेराचं, आणि ते मुळात आपल्या लक्ष्मीचंच फ्रेंच रूप. आज ती कंपनी हिंदुस्थान युनिलिव्हरकडे आहे. पण त्यानंतर कितीतरी वर्षं बाजारात दोन-तीनच छटा मिळत आणि त्याही गोऱ्याकडे झुकणाऱ्या. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेक जणी आपल्या रंगापेक्षा एक पायरी उजळ रंग लावायला शिकल्या. ती सवय अजून गेलेली नाही.

छटा उन्हात बघा, ट्यूबलाइटमध्ये नाही

खरं तर अर्धा मेकअप दुकानातच होतो किंवा बिघडतो. विक्रेता हाताच्या मागच्या बाजूला रेघ ओढून दाखवतो. हाताचा रंग उन्हाने वेगळा असतो, तोंडाचा वेगळा. जबड्याच्या कडेला, कानाच्या खाली दोन-तीन छटांच्या बारीक रेघा ओढा, दुकानाच्या दारात या, उजेडात मोबाईलच्या कॅमेऱ्याने बघा. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. टेस्टरची काडी मात्र थेट तोंडाला लावू नका. वरचा थर टिश्यूने पुसा आणि बोटावर घेऊन मग लावा.

नुसती गोरी-सावळी एवढीच बाब नसते. कातडीखालून एक झाक डोकावते. पिवळसर, लालसर किंवा मधली. कोकणात पिवळसर झाकेचा सावळा आणि गव्हाळ रंग खूप दिसतो. अशा चेहऱ्यावर गुलाबी झाकेची काडी लावली की राख फासल्यासारखं दिसतं, कारण त्यात पांढरा टायटॅनियम जास्त आणि पिवळा कमी असतो. सावळ्या बायका म्हणतात 'मला मेकअप सूटच होत नाही'. सूट होत नाही तो चुकीचा रंग. नावात 'वॉर्म', 'हनी', 'गोल्डन' असं काही असेल ती काडी आधी बघा.

गालाच्या काडीचंही तसंच. फिकट पीच, बेबी पिंक या छटा सावळ्या गालावर खडूसारख्या बसतात. त्यापेक्षा विटकरी, राणी, जांभळसर, पिकलेल्या करवंदाच्या जवळचा गडद रंग घ्या. काडीत तो भीतीदायक दिसतो, बोटाने पसरला की नैसर्गिक लाली येते. आणि हीच काडी ओठांनाही चालते. माझं सरळ मत असं की सुरुवात करणारीने दोनच काड्या घ्याव्यात : एक कातडीच्या रंगाची, एक गाल-ओठांची. कॉन्टूर, हायलाइटर वगैरे काड्यांचा सहाचा संच घरी नेऊन त्यातल्या चार कपाटात वाळतात.

घेताना ग्रॅम बघा. दोन काड्या शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात, पण एकीत तीन-चार ग्रॅम माल असतो, दुसरीत आठ-नऊ. प्लॅस्टिकची नळी मोठी म्हणजे माल जास्त असं नव्हे. किमतीला ग्रॅमने भागा, मग कळतं कोण स्वस्त.

तुपकट की सुकून बसणारी?

आपल्या किनाऱ्यावर हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. देशावर, साताऱ्या-सोलापूरकडे घाम येतो आणि वाळतो. आपल्याकडे हवेतच इतका ओलावा की घाम वाळतच नाही, तोंडावर बसून राहतो. त्यामुळे जी काडी पुण्याच्या मावशीला मस्त जमते ती आपल्याला जमेलच असं नाही.

काड्या दोन जातीच्या. एक, पूर्ण तेला-मेणाची. ती लावल्यावरही तुपकटच राहते, चकाकते, बोट लावलं तर निघते. दुसरीत पटकन उडून जाणारी द्रव्यं असतात. लावताना ती ओलसर वाटते, मिनिट-दोन मिनिटांत ती द्रव्यं उडतात आणि रंगाचा पातळ थर कातडीला चिकटून बसतो. ओळखायचं कसं? मनगटावर रेघ ओढा, पसरा, तीन मिनिटं थांबा, मग टिश्यू किंवा कागद दाबा. कागदावर भरपूर रंग आला तर पहिली जात. जवळजवळ काहीच आलं नाही तर दुसरी. कोरड्या कातडीला, डिसेंबर-जानेवारीत, पहिली बरी. तेलकट चेहरा असेल, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर असेल तर दुसरी घ्या. पण दुसरी पटकन बसते, त्यामुळे एका वेळी एकच गाल करायचा. दोन्ही गालांना रेघा ओढून चहा बघायला गेलात तर परत येईपर्यंत त्या रेघाच पक्क्या झालेल्या असतील.

आता घड्याळ लावा

तोंड धुऊन पुसलं की लगेच हलकं मॉइश्चरायझर. तेलकट चेहऱ्याला पावसाळ्यात ते नाही लावलं तरी चालेल. मग सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त. पहिल्या दोन बोटांवर लांब रेघ काढली की जेवढं येतं तेवढं तोंडाला आणि मानेला. काडीवर 'एसपीएफ' छापलेलं असलं तरी सनस्क्रीन सोडायचं नाही, कारण काडी आपण ठिपक्या-ठिपक्याने लावतो, त्याने उन्हापासून पुरेसं संरक्षण होत नाही.

हे मेकअपच्या सात मिनिटांत धरू नका. सनस्क्रीन लावून डबा भरा, केस विंचरा, साडी नेसा. आठ-दहा मिनिटं ते मुरू द्या. ओल्या सनस्क्रीनवर काडी घासली की रबराच्या खोडरबरासारख्या सुरळ्या निघतात आणि मग सगळं धुवावं लागतं. घाईत बिघडतं ते इथेच.

पहिली दोन मिनिटं कातडीच्या रंगाची. सगळ्या तोंडाला रेघा ओढायच्या नाहीत, ते व्हिडिओसाठी असतं. आरशात बघा कुठे गरज आहे. बहुतेकींना नाकाच्या दोन्ही बाजूंना, हनुवटीवर, तोंडाच्या कडांना आणि डोळ्यांखाली आतल्या कोपऱ्यात. तिथे ठिपके द्या. अनामिकेने दाबून दाबून बसवा. घासायचं नाही, दाबायचं. बोटाच्या उबेने मेण मऊ होतं आणि रंग कातडीत मिसळतो. ब्रशला ही ऊब नसते, म्हणून काडीसाठी बोट हेच चांगलं हत्यार. हात मात्र आधी साबणाने धुवा. सकाळी मासे साफ केलेत तर दोनदा धुवा.

डोळ्यांखालचा काळेपणा खूप असेल तर त्यावर उजळ काडीचे थर चढवून उपयोग नाही, राखाडी दिसतं. आधी नारिंगी किंवा विटकरी रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा, त्यावर कातडीचा रंग. नारिंगी रंग निळसर काळेपणाला मारतो. गाल-ओठांची विटकरी काडी घेतली असेल तर तीच इथे कणभर वापरता येते, वेगळं काही विकत घ्यायला नको.

पुढचं एक मिनिट गालाचं. बोटावर रंग घ्या आणि गालाच्या हाडावर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली दोन-तीन ठिपके दाबा, कानशिलाकडे वर न्या. हसून गालाच्या गोळ्यावर लावायची जुनी पद्धत वयाच्या पस्तिशीनंतर गाल खाली ओढल्यासारखे दाखवते. चष्मा असेल तर चष्म्याच्या काठाच्या बाहेर लावा. बोटावर उरलेला रंग पापण्यांवर फिरवला की डोळे झोपाळू दिसत नाहीत.

त्यानंतर काजळ. आपल्या दमट हवेत खालच्या पापणीच्या आत भरलेलं काजळ दुपारपर्यंत गालावर येतं. वरच्या पापणीच्या मुळाशी बारीक रेघ ओढा, खाली फक्त बाहेरचा कोपरा. मग ओठ : काडी थेट, कागदावर ओठ दाबा, पुन्हा एक हात. हा कागद दाबण्याचा उद्योग केला तर दहाच्या चहानंतरही रंग राहतो.

सगळ्यात शेवटी पावडर, आणि तीही कपाळाच्या मध्यावर, नाकावर आणि वरच्या ओठाच्या वर एवढीच. गालावर पावडर मारली तर काडी लावल्याचा उपयोगच काय? क्रम लक्षात ठेवा : क्रीम आधी, पावडर नंतर. पावडरवर काडी फिरवली की ठिगळं पडतात. घरातली अंगाची टाल्कम पावडर तोंडाला फासू नका. ती पांढरी असते, सावळ्या चेहऱ्यावर अर्ध्या तासात घामाने चट्टे उठतात. बिनरंगी किंवा आपल्या छटेची कॉम्पॅक्ट घ्या.

घाम आला, पाऊस आला

पावसाने काडी सहजासहजी वाहत नाही, कारण मेण पाण्यात विरघळत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे या गुणाची किंमत आपल्याला कळते. बिघडवतो तो हातरुमाल. तोंडावर पाणी किंवा घाम आला की आपण सवयीने खसाखसा पुसतो. रुमाल फक्त टेकवायचा, पाणी टिपायचं, उचलायचा.

ॲक्टिव्हावरून जाणाऱ्या मुली डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळतात, त्यांचं दुखणं वेगळं. अर्धा मेकअप स्कार्फला लागतो आणि दुसऱ्या दिवशी तोच मळलेला स्कार्फ घामासह तोंडाला. पुटकुळ्या मेकअपने आल्या असं म्हणतात, पण धुतला न गेलेला स्कार्फही त्याला तेवढाच कारणीभूत असतो. सुती स्कार्फ रोज धुवा, दोन ठेवा. शक्य असेल तर सनस्क्रीन लावून निघा आणि काडी कामाच्या ठिकाणी पोचल्यावर लावा. बाथरूमच्या आरशात तीन मिनिटं पुरतात, हाच तर काडीचा फायदा. चालत्या एसटीत मात्र काजळाची काडी डोळ्याजवळ नेऊ नका. निवळीच्या घाटात ड्रायव्हरने ब्रेक मारला तर काय होईल ते सांगायला नको.

मे महिन्यात काडीलाच घाम फुटतो. टोपण काढलं की वर तेलाचे थेंब दिसतात. माल खराब झाला असं समजून टाकू नका. उकाड्याने मेणाच्या जाळीतलं तेल बाहेर आलेलं असतं. टिश्यूने टिपा आणि काडी माठाशेजारी किंवा घरातल्या गार कोपऱ्यात उभी ठेवा. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नका, तिथे वितळून पुन्हा गोठली की रंग एका बाजूला बसतो. खवट तेलासारखा वास आला किंवा वर बुरशीचे ठिपके दिसले तर मात्र विचार न करता फेका. काडीत पाणी नसल्यामुळे जंतू सहसा वाढत नाहीत, पण आपण ओल्या तोंडावर घासून ते आत नेतो. म्हणून तोंड कोरडं हवं.

जत्रेतली काडी आणि 'गोरं करणारी' काडी

आता पैशांपेक्षाही मोठ्या गोष्टीकडे येऊ. आठवडा बाजारात, जत्रेत, मोबाईलवरच्या लिंकमध्ये मोठ्या कंपनीच्या नावाची काडी पाव किमतीत मिळते. ती खरी कशी असेल? भारतात प्रसाधनांसाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०चा आहे आणि त्याखालचे सौंदर्यप्रसाधन नियम २०२०चे. उत्पादकाला परवाना लागतो. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ते, आणि घटकांची यादी असावी लागते. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांकही. काडी छोटी असते, त्यामुळे सगळं काडीवर मावत नाही, म्हणून पुठ्ठ्याची खोकी फेकू नका. ज्या स्टॉलवर खोकीच नाही, नुसत्या काड्या टोपलीत, तिथे थांबूच नका. कोऱ्या कागदावरचं का होईना, बिल मागा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते; मालच संशयास्पद असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे.

एवढी काळजी कशाला, तर रंगात काय असतं यावर नियमांनी हद्दी घातल्यात. रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला बंदी आहे. पाऱ्याचं प्रमाण, डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर, दहा लाखांत एक भाग याहून जास्त असता कामा नये, आणि तेही नकळत आलेलं. बनावट माल करणारा या हद्दी पाळत बसत नाही. विशेषतः 'लावताच उजळ', 'आठ दिवसांत गोरेपणा' असं सांगणाऱ्या क्रीम आणि काड्यांपासून लांब राहा. पारा कातडीचा रंग तयार होणं थांबवतो, म्हणून सुरुवातीला खरंच उजळ वाटतं. मग तो अंगात जिरतो आणि मूत्रपिंडावर जातो. २०२३च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तीन बायकांच्या मूत्रपिंडांना त्रास झाल्याचं प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघड झालं होतं. तिघी एकच स्थानिक क्रीम वापरत होत्या आणि त्यात पारा सापडला. लघवीला फेस येणं, तोंड-पाय सुजणं असं काही दिसलं आणि अशी क्रीम चालू असेल तर ती बंद करून, पाकीट बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. लाजायचं कारण नाही, ही लाजच बायकांना उशिरा पोचवते.

ज्या कंपनीने पंचेचाळीस वर्षं 'फेअर' हा शब्द विकला तिनेही २०२० मध्ये तो आपल्या क्रीमच्या नावातून काढला. गावातल्या लग्न जुळवणाऱ्यांच्या तोंडातून तो अजून जायचा आहे.

माळकरी आणि शाकाहारी घरांसाठी एक सांगायला हवं. घटकांच्या यादीत 'सीआय ७५४७०' किंवा 'कारमाइन' असेल तर तो लाल रंग किड्यांपासून काढलेला असतो. मधमाशांचं मेण तर बऱ्याच काड्यांत असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी 'व्हीगन' लिहिलेली काडी बघावी, त्यात कार्नोबा किंवा कँडेलिला असं वनस्पतींचं मेण असतं.

नवीन काडी आणली की पहिल्याच दिवशी तोंडाला नको. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. खाज, लाली, पुरळ आलं तर ती तुमची नाही. उद्या साखरपुडा आणि आज नवी काडी, असं तर अजिबात नको. हीच काळजी टिकलीबाबत घ्या. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. तो दिसायला लागला की टिकली लगेच बंद करायची आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवायचं. 'मोठी टिकली लावून झाकते' हा उपाय डाग वाढवतो.

आणि काडी एकीची एकीनेच वापरायची. कॉलेजच्या बाकावर एक लिपस्टिक चौघी फिरवतात, डोळे आलेले असताना बहिणीचं काजळ घेतात. ओठांवर येणारे तापाचे फोड आणि डोळे येणं, दोन्ही असेच पसरतात. द्यायचीच असेल तर सुरीने वरचा पातळ काप काढून द्या.

रात्री काढताना

साबणाने काडी निघत नाही. मेण आहे, पाण्याला दाद देत नाही. मग आपण जोरात घासतो, कातडी लाल होते, मेण छिद्रांत तसंच. तेलाला तेलच काढतं. कपाळाचं मेण-कुंकू आज्या खोबरेल तेलाच्या बोटाने पुसायच्या, तीच रीत. कोरड्या तोंडावर थोडं तेल, अर्धा मिनिट गोल गोल बोटं, मऊ सुती कापडाने टिपून घ्या, मग फेसवॉश. ज्यांना पुटकुळ्या येतात त्यांना मात्र खोबरेल त्रास देऊ शकतं, त्यांनी मायसेलर वॉटर कापसावर घ्यावं आणि पुटकुळीवर काडी थेट टेकवू नये, बोटाने लावावी. कितीही दमून आलात तरी हे काढल्याशिवाय झोपू नका. फार तर भाताला शिटी होईपर्यंत काढा.

काडी संपली असं वाटतं तेव्हा ती संपलेली नसते. नळीच्या तळाशी, फिरणाऱ्या भागाच्या खाली, बराच माल उरतो आणि पैसे आपण त्याचेही दिलेले असतात. काडेपेटीच्या स्वच्छ काडीने तो कोरून स्टीलच्या छोट्या वाटीत घ्या, ती वाटी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरा, वितळलं की धुऊन कोरडी केलेल्या जुन्या बामच्या डबीत ओता. पाण्याचा थेंब आत जाऊ द्यायचा नाही. तासाभरात घट्ट होतं. गाल-ओठांच्या दोन उरलेल्या छटा एकत्र केल्या तर तिसरी मिळते. डबीवर खोकीवरची 'कधीपर्यंत वापरायचं' ती तारीख चिठ्ठी करून चिकटवा, कारण माल जुनाच आहे, डबी फक्त नवी.